भावजींचा उपसूर्य

माझे भावजी रोज दुपारी लोकांना तारे दाखवत असत. भर दिवसा, आणि रीतसर तिकीट लावून. ताई म्हणायची, बाकीचे नवरे हे काम घरच्या घरी करतात, आमच्या यांना त्यासाठी नोकरी करावी लागते.

भावजी तारांगणात निवेदक होते. पालथ्या वाडग्यासारख्या त्या इमारतीत शिरलं की खुर्चीत मागे रेलायचं, दिवे मंद होत जायचे आणि काळोखात भावजींचा आवाज उमटायचा. तो आवाज काय सांगावा! ‘कृपया पायरीकडे लक्ष द्या’ हे वाक्यही ते असं म्हणत, की विश्वाचं एखादं गूढ त्या पायरीपाशीच उलगडणार असं वाटावं. आमच्या भागात सगळे त्यांना तारेकाका म्हणत. त्यांचं कुणाशी वाजलं, तर ‘तोडले अकलेचे तारे’ असं म्हणायला लोकांना आयतीच संधी मिळायची आणि लोक ती सोडत नसत. मी तर मुळीच सोडत नसे. मी ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेव्हणा. चेष्टेचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळालेला.

एवढ्या आवाजाचा हा माणूस घरी मात्र बोलत नसे. आवाज जपायचा म्हणून. कप उचलून दाखवला की चहा. मान डावीकडे कलली की पंखा लावा. शिवाय तीन प्रकारचे ‘हं’. पहिला होकाराचा, दुसरा नकाराचा, आणि तिसरा ताई तिच्या माहेरचं काही सांगत असली की न ऐकता द्यायचा. ताई रुग्णालयांचे ॲप्रन शिवायची, दिवसभर तिचं मशीन खडखडत असायचं, त्यामुळे या मौनाचं तिला फारसं काही वाटायचं नाही.

“लोक म्हणतात, काय भाग्यवान बाई, काय आवाजाचा नवरा मिळाला,” ती म्हणायची. “आता यांना कुठं सांगत बसू, की आवाज कामावर असतो, घरी नुसता नवरा येतो!”

हे मौन मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही, याचं कारण तेच होतं.

तारांगणातली त्यांची कामाची पद्धत जुनी होती. एका टोकाला भावजींचा माइक, दुसऱ्या टोकाला यंत्र, मधे काळा पडदा. पडद्याआड ऑपरेटरबाई. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे. भावजींचा शब्द कानावर पडला की बाईंचा हात हलायचा. ‘मावळला’ म्हटलं की सूर्य मावळणार, त्याआधी नाही. एकदा नेमकी त्या शब्दाआधी भावजींना शिंक आली, तर सूर्य क्षितिजावर ताटकळत उभा राहिला. बाईंनी अशी वीसेक वर्षं त्यांच्या आवाजावर आकाश फिरवलं होतं. त्या त्यांना उस्ताद म्हणत. थट्टेने म्हणायला लागल्या आणि मग ते नाव खरंच होऊन गेलं.

भावजींचा सगळ्यात लाडका खेळ पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचा. सुरुवातीलाच ते विचारत, “सांगा पाहू, आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ केव्हा असतो?”

सगळा हॉल एका सुरात म्हणायचा, “उन्हाळ्यात!”

“छान,” भावजी म्हणत. “सगळ्यांचं एकमत आहे, आणि सगळे चुकलेले आहेत.”

मग त्या काळोखात पिवळा सूर्य उगवायचा आणि त्याच्याभोवती निळा ठिपका फिरू लागायचा. भावजी सांगत, की पृथ्वीची वाट अगदी गोल नाही. किंचित दबलेली आहे, आणि सूर्य तिच्या मधोमध बसलेला नाही, जरासा बाजूला सरकून बसलाय. त्यामुळे वर्षभर अंतर कमीजास्त होत राहतं. जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून कुडकुडत असतो तेव्हा, आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. जुलैच्या सुरुवातीला, उन्हाळा नुकताच सरलेला असतो तेव्हा, सगळ्यात लांब. दोन्हींतला फरक पन्नास लाख किलोमीटर. ऐकून लोकांचे डोळे विस्फारत.

“पण मूळ अंतरच पंधरा कोटींच्या घरात,” भावजी पुढे म्हणत. “पंधरा पावलांवर शेकोटी आहे आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे सरकलात. कितीशी ऊब वाढणार? थंडी-उन्हाळा ठरतो तो पृथ्वी कशी कललीय त्यावर. जानेवारीत आपला अर्धा गोल सूर्यापासून कललेला असतो. किरण तिरके, दिवस लहान. म्हणजे जवळ आहोत, पण तोंड फिरवून बसलोय. लग्न झालेल्या मंडळींना हे जास्त समजावून सांगायला नको.”

इथे हशा. लग्न झालेल्यांचा जरा मोठा.

“आणि जवळ आली की पृथ्वी भरभर जाते, लांब असली की रेंगाळते. पाहुण्यांचं नेमकं उलटं असतं.”

या दोन टोकांना दोन शब्द आहेत. सगळ्यात जवळची जागा ती उपसूर्य, सगळ्यात लांबची ती अपसूर्य. भावजी ते समजावून सांगत. उप म्हणजे जवळ, उपनगर कसं नगराजवळ असतं तसं. अप म्हणजे दूर, अपहरण म्हणजे दूर पळवून नेणं. भावजींनी ‘उपसूर्य’ म्हटलं की बाई यंत्राची चकती एकीकडे फिरवत, निळा ठिपका सूर्यापाशी येई, सूर्य मोठा होई, हॉलमध्ये गारठ्याचा निळसर उजेड पसरे. ‘अपसूर्य’ म्हटलं की चकती उलटी, ठिपका लांब, सूर्य लहान, उजेड नारिंगी. सगळा खेळ त्या एका अक्षरावर.

तारांगणाचे संचालक तरुण होते, स्वभावाने गरीब, पण सतत कुठेतरी जायला उशीर झाल्यासारखे बोलत. ते अधूनमधून भावजींना म्हणत, “काका, आता सगळं आपोआप चालतं. तुमचा आवाज एकदा रेकॉर्ड करून ठेवू. तुम्हालाही आराम.”

“मी जिवंत असताना माझी टेप वाजवलीत तर लोक विचारतील, म्हातारा गेला केव्हा?” भावजी म्हणत. ऑपरेटरबाई पडद्याआडून हसत आणि संचालक पुढच्या कामाला धावत.

त्या जानेवारीत ऑपरेटरबाई रजेवर गेल्या. लेक बाळंत व्हायची होती. उपसूर्याचा वार्षिक खेळ तर तोंडावर आलेला. बाईंच्या जागी इमारतीच्या वायरमनला बसवलं. निवृत्तीला टेकलेले, जाडजूड, अत्यंत आज्ञाधारक गृहस्थ. बाईंनी जाताना त्यांना काय ऐकलं की काय फिरवायचं हे नीट शिकवून ठेवलं होतं.

खेळाला मी बायकोला घेऊन गेलो होतो. हॉल स्वेटर-मफलरांनी गच्च भरलेला. भावजी रंगात आलेले. प्रश्न झाला, शेकोटी झाली, लग्न झालेल्यांचा हशा झाला. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“आणि म्हणून आज, या कडाक्याच्या थंडीत, आपली पृथ्वी येऊन पोहोचली आहे… अपसूर्याला!”

वायरमनने शब्द ऐकला, चकती फिरवली. निळा ठिपका सूर्याकडे पाठ करून निघाला तो थेट टोकाला जाऊन थांबला. सूर्य आक्रसला. आम्हा स्वेटरवाल्यांवर नारिंगी उन्हाळा पसरला.

“उलट!” भावजी ओरडले. माइक चालूच होता. “अहो, उलट!”

“उलट कुठं?” पडद्याआडून वायरमन. “अपसूर्य म्हणालात, अपसूर्याला नेली.”

“मी केव्हा म्हणालो?”

“हॉलला विचारा.”

“मी सांगतोय अपसूर्याला न्या, आणि तुम्ही नेताय अपसूर्याला!”

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. हा खेळातलाच भाग आहे, अशी सगळ्यांची खात्री पटली. मागच्या रांगेतल्या एकाने तर शिट्टी वाजवली. वायरमन बिचारा घामाघूम. “मग नेऊ तरी कुठं?” त्याने आर्त स्वरात विचारलं.

“सूर्याजवळ! सूर्याजवळ न्या!”

ठिपका एकदाचा सूर्यापाशी आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना लोक म्हणत होते, तारेकाका यंदा फारच फॉर्मात होते.

परतताना भावजी चक्क रस्त्यात बोलले. “वायरमन तो. त्याला विजेचा झटका कळतो, शब्दाचा नाही.” 

ऑपरेटरबाई नातीचे फोटो घेऊन परत आल्या, तेव्हा भावजींनी वायरमनची तक्रार त्यांच्याकडे केली. अगदी साग्रसंगीत. बाई हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी भावजी फिरायला गेलेले असताना त्या ताईकडे आल्या. मी तिथेच होतो, चहाची वाट बघत.

“वहिनी, जरा मशीन थांबवता?”

ताईने थांबवलं.

“वायरमनची चूक नव्हती. उस्ताद अपसूर्यच म्हणाले असणार.”

“तुम्ही तर नव्हतात तिथं.”

“नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचं तसंच चाललंय. कधी बरोबर, कधी उलट. आता आता तर उलटच जास्त.”

“आणि मग यंत्र?”

“त्यांना काय म्हणायचंय ते मला ठाऊक असतं ना. मी तिकडं नेते. ते काय म्हणतात ते मी हल्ली ऐकतच नाही.”

“आणि लोक?” मी विचारलं.

“लोक डोळ्यांनी ऐकतात हो. गोळा सूर्यापाशी गेला की त्यांना उपसूर्यच ऐकू येतं. खुद्द उस्तादांनाही.”

ताई हसायलाच लागली. सुटकेचं हसू होतं ते. “अहो बाई, एवढंच ना? मी म्हटलं काय झालं! शब्दच मुळी तसले आहेत. एक उ, एक अ. जुळी पोरं, सारखेच कपडे. घरचे लोक चुकतात, तिथं यांचं काय!”

मीही लगेच री ओढली. म्हटलं, हे शब्द ज्याने काढले त्याने आधी स्वतः भरभर म्हणून बघायला हवे होते. आम्ही लगेच म्हणूनही बघितले. उपसूर्य अपसूर्य उपसूर्य अपसूर्य. तिसऱ्या फेरीला ताई अडखळली, चौथीला मी, आणि पाचवीला बाई ‘उपसप’ असं काहीतरी म्हणाल्या. मग त्याही हसल्या. खूप दिवसांचं ओझं उतरल्यासारख्या हसल्या. चहा झाला आणि त्या चहावर उपाय ठरला. संचालकांना सांगून खेळातून हे दोन्ही शब्द काढायचे. त्यांच्या जागी साधं ‘जवळ’ आणि साधं ‘लांब’. यांत कुणाची जीभ घसरणार?

संचालकांना सोपं करणं हे नेहमीच पसंत. त्यांनी भावजींना सांगितलं, शाळेच्या मुलांना अवघड जातं. भावजी दोन दिवस धुमसत होते. “उद्या म्हणतील, सूर्याला पिवळा दिवा म्हणा. चंद्राला पांढरा दिवा. आणि मला म्हणा दिवेलावणीवाला.” पण मानलं त्यांनी.

आम्ही निर्धास्त झालो. दोनेक आठवडेच असू.

एका रविवारी सकाळी मी ताईकडे गेलो होतो. भावजी खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. त्यांचे चष्मे दोन. एक जवळचा, काळ्या काड्यांचा, वाचायला. एक लांबचा, तपकिरी, रस्त्यावरच्या पाट्या बघायला. दोन्ही एका जागी कधीही नसत आणि ते शोधायचं काम ताईचं. भावजींनी हात पुढे केला.

“लांबचा.”

ताईने तपकिरी चष्मा दिला. भावजींनी तो लावला, वर्तमानपत्र डोळ्यांपाशी आणलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं, आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

“लांबचा म्हटलं ना!”

“लांबचाच दिलाय.”

“हा जवळचा आहे!”

मला राहवलं नाही. “भावजी, तीस वर्षं संसार करून बायकोला जवळचं-लांबचं कळेनासं झालं, तर दोष चष्म्याचा नाही हं.”

ताई हसली नाही. तिने मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं, उठून दोन्ही चष्मे घेतले आणि दोन हातांत धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

“यातला वाचायचा कुठला?”

भावजींनी काळ्या काड्यांवर बोट ठेवलं. बरोबर.

“आणि हा जवळचा, की लांबचा?”

“लांबचा,” भावजी म्हणाले. तारांगणातल्या त्या भरदार, खात्रीच्या आवाजात. वर म्हणाले, “लहान मुलाला विचारतात तसं काय विचारतेस?”

भावजींनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चेष्टा करत नाहीये हे त्यांना दिसलं असावं. आणि मग या माणसाने आपल्या घरात बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा आपणहून एक प्रश्न विचारला.

“काय झालं?”

उपसूर्य आणि अपसूर्य यांच्यात फरक एकाच अक्षराचा. जवळ आणि लांब यांच्यात एक अक्षरही सारखं नाही. इतके दिवस आम्ही ज्या समजुतीवर रेलून बसलो होतो ती अशी पायाखालून निघून गेली. जीभ घसरत नव्हती. तिच्या मागे, आत काहीतरी घसरत होतं.

ताईने त्यांना सगळं सांगितलं. ऑपरेटरबाईंचंही. लपवून ठेवण्यात तिला अर्थ वाटला नाही. भावजी ऐकत होते, आणि तिन्हींपैकी एकही ‘हं’ आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधीच तारांगणात गेले. पडदा बाजूला सारून पलीकडे उभे राहिले. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना मधेच थांबावं लागलं.

“गेल्या उन्हाळ्यापासून?” भावजींनी विचारलं.

“हो, उस्ताद.”

“म्हणजे इतके महिने आकाश माझं ऐकत नव्हतं.”

“तुमचंच ऐकत होतं.”

“माझा शब्द ऐकत नव्हतं. मी काळोखात बरळत होतो आणि तुम्ही वर बरोबर उत्तर लिहून ठेवत होतात. आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, पण त्याला दिसत नाही हे त्याला सांगायचं नाही. ही कुठली माया, बाई?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचंच बंद केलं असतं.”

“केलं असतं. किंवा तेव्हाच डॉक्टरकडे गेलो असतो.”

त्या दिवशीचा खेळ संचालकांनी रद्द केला. यंत्रात बिघाड असल्याची पाटी दारावर लावली.

डॉक्टरांकडे भावजींबरोबर ताई आणि मी दोघेही गेलो. मेंदूचे फोटो काढले, चित्रं दाखवली, वस्तूंची नावं विचारली. नावं सगळी बरोबर. मग डॉक्टरांनी विचारलं, “सिगारेट ओढता?”

“हो,” भावजी म्हणाले. आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“अहो, जन्मात नाही ओढली!” ताई ओरडली.

“हो, हो!” भावजी तिला दुजोरा देत म्हणाले, आणि मान तशीच नाही नाही करत हलत राहिली. मग त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. त्यांनी ओठ मिटले.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, समज शाबूत आहे, अर्थ शाबूत आहे. मेंदूचा शब्द काढून देणारा भाग झिजतोय. आधी जोड्यांमध्ये गोंधळ होतो. हो आणि नाही, वर आणि खाली, जवळ आणि लांब. माणसाला हवा असतो एक, कप्प्यातून निघतो त्याच्या शेजारचा. पुढे इतर शब्दही अडायला लागतील. सावकाश. हे परत फिरवणारं औषध नाही. सरावाने थोडं धरून ठेवता येतं.

“ते किती दिवस बोलतील?” ताईने विचारलं.

“ठाम नाही सांगता येत. पण आज जेवढं बोलतात, तेवढं पुढच्या वर्षी नसेल असं धरून चाला.”

बाहेर आल्यावर रिक्षात बसताच भावजी म्हणाले, “आयुष्यभर आवाज जपला. शब्द जपायचे राहिले.” ताईने त्यांचा हात घट्ट धरला. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसलो. एकही आठवत नाही.

त्यानंतर घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. भावजी बोलायला लागले. चहा हवा तर म्हणायचे, चहा हवा. पंखा, खिडकी, मीठ, सगळं तोंडाने. ताई मशीन बंद ठेवून ऐकायची. उलट म्हणाले की ती सांगायची, उलट झालं. ते पुन्हा म्हणायचे. कधी चिडून ताट सरकवायचे. एकदा तिला ‘जा’ म्हणाले आणि ती खरंच उठून गेली, तेव्हा दारापर्यंत धावत गेले. त्यांना ‘ये’ म्हणायचं होतं. ती चूल-मशीन सांभाळणारी, कशाला म्हणून न घाबरणारी माझी ताई त्या दिवशी फोनवर माझ्याशी पंधरा मिनिटं नुसती रडली.

आठवड्याभराने ते संचालकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “रेकॉर्ड करून घ्या.”

संचालक खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या दिवशी त्यांना कुठेही जायची घाई नव्हती.

साप्ताहिक सुटीच्या सकाळी रिकाम्या हॉलमध्ये काम सुरू झालं. माइकपाशी भावजी, यंत्रापाशी बाई, टेपपाशी संचालक. पहिल्या रांगेत ताई आणि मी. ताई कित्येक वर्षांनी तिथे आली होती, आणि मांडीवर शिवण नाही म्हणून तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

सूर्यास्त एका दमात झाला. चंद्राच्या कला, ध्रुवतारा, धूमकेतू. आवाज तसाच होता, पायरीकडे लक्ष द्या म्हणतानाचा. एखाददुसरा शब्द उलटा आला तर भावजी ताईकडे बघत, ताई मान हलवी, ते पुन्हा म्हणत. तीन सुट्ट्यांत बराचसा खेळ झाला. राहिला तो अंतराचा.

“यात माझे जुने शब्द हवेत,” भावजी म्हणाले. “जवळ-लांब कुणीही म्हणेल.”

संचालक चाचरत म्हणाले, “काका, एक सोपं करू. तुम्ही दोन्ही शब्द कसेही म्हणून ठेवा. आम्ही कापून योग्य त्या जागी जोडून घेऊ. कुणाला कळणार नाही.”

“शिवणकाम आमच्याकडे घरी होतं,” भावजी म्हणाले. “इथे नको.”

मग ते उठले आणि मधला काळा पडदा त्यांनी स्वतः ओढून एका बाजूला केला. पलीकडे बाई चकतीवर हात ठेवून बसलेल्या. भावजी त्यांच्याशी हळू बोलले, पण त्या इमारतीत हळू असं काही नसतंच.

“बाई, मला काय म्हणायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे. ते आज विसरायचं. मी जे म्हणेन ते ऐकायचं, आणि गोळा तिकडेच न्यायचा. मला बघायचंय मी काय बोलतोय ते.”

संचालकांनी दिवे मंद केले. सूर्य उगवला, निळा ठिपका वाटेच्या मधल्या टप्प्यावर येऊन थांबला.

“आणि म्हणून आज, या कडाक्याच्या थंडीत, आपली पृथ्वी येऊन पोहोचली आहे अपसूर्याला.”

बाईंचा हात हलला नाही.

“बाई.”

मग हलला. ठिपका लांब गेला, सूर्य लहान झाला, उजेड नारिंगी. भावजींनी मान वर करून ते पाहिलं. आपलं वाक्य त्यांना तिथे लिहिलेलं दिसत होतं.

“पुन्हा.”

ठिपका मधे आला. वाक्य पुन्हा झालं. ठिपका पुन्हा लांब गेला. “पुन्हा.” पुन्हा लांब. ताईने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. संचालक काहीतरी बोलायला गेले, भावजींनी हाताने थांबवलं. बाई एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्याने चकती फिरवत होत्या, जे ऐकलं तेच. किती वेळा झालं ते मोजायच्या मनःस्थितीत आमच्यापैकी कुणीच नव्हतं. भावजींचा आवाज थकत चालला होता. एकदा तर ते ‘कडाक्याच्या उन्हात’ म्हणाले.

मग ते माइक दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. फक्त श्वास ऐकू येत होता. पुढचं वाक्य त्यांनी अगदी सावकाश, एकेक शब्द हाताने चाचपून पुढे ठेवावा तसं म्हटलं. शेवटचा शब्द आला. ते स्वतः तो ऐकत नव्हते, वर बघत होते.

ठिपका सरकायला लागला. पहिल्या क्षणी दिशा कळेना. मग सूर्य मोठा होऊ लागला, आणि रिकाम्या खुर्च्यांवर तो गारठ्याचा निळसर उजेड पसरला.

ताई उभी राहिली. भावजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. रुमालाने कपाळ पुसलं, माइक नीट केला आणि टेपपाशी बसलेल्या संचालकांकडे वळून म्हणाले,

“घेतलंत? आता जुलै.”